एदेन बागेतली मोसंबी

मी पत्रकांवर वाढले. बाबा जालन्यात ऑटो चालवतात, आणि त्यांच्या ऑटोत बसणारा प्रत्येक चळवळ्या माणूस उतरताना मागच्या सीटवर काहीतरी सोडून जातो. अंधश्रद्धेविरुद्धचं पत्रक, कामगारांच्या सभेचं, हुंडाबंदीचं, ठिबक सिंचनाचं, मूळव्याधीवरच्या हमखास उपायाचं. शिवाय आई दर रविवारी चर्चच्या मागच्या दाराजवळच्या फळीवरून धर्माची पत्रकं उचलून आणायची. मी सगळी सारख्याच भक्तीनं वाचली. त्यामुळे माझा स्वभाव असा झाला, की अन्याय दिसला की मी आधी मथळा शोधते, मग उद्गारचिन्ह, आणि नंतर अन्याय नेमका काय आहे ते बघते.

नाताळच्या नाटकातला अन्याय मात्र मला मथळ्याआधी दिसला.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे या चर्चच्या लोकांत, नाताळच्या आधी आदाम आणि हव्वेचं नाटक होतं. आधी सगळं बिघडलं कसं ते दाखवायचं, मग दुरुस्त करणारं बाळ जन्माला येणार, असा फादरांचा क्रम. चर्चसमोरच्या मैदानात मांडव, मागे हिरवा पडदा, एक खरं कडुलिंबाचं झाड आपोआप मिळालेलं. या नाटकात मला आठवतं तेव्हापासून साप म्हणजे आमचे बाबा आणि देव म्हणजे कंडक्टरकाका.

कंडक्टरकाका एसटीतून निवृत्त झालेले. जालना-भोकरदन गाडीवर त्यांनी आयुष्य काढलं. गाडीच्या शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस जागा होईल असा त्यांचा आवाज, म्हणून ते देव. पडद्यामागून "आदामा, कुठं हायेस?" असं ते विचारायचे तेव्हा मैदानातले दोनचार पुरुष नकळत उभे राहायचे. बाबांचा आवाज याच्या अगदी उलट, मऊ. स्टँडबाहेर ऑटो लावून, "ताई, यष्टीची वाट कामून बघता, बसा ना, आपल्याला जल्दी न्हाई, अजून एकच सीट भरायची," असं म्हणत त्यांनी अर्धं जालना आपल्या ऑटोत बसवलेलं. असा माणूस साप म्हणून सापडल्यावर कोण सोडेल? हव्वेला फळ घ्यायला लावायला बाबा चांगली दहा मिनिटं घेत. बायका डोळ्यांना पदर लावून म्हणत, "बाई, म्या बी घेतलं असतं."

यात कोणाला काही अन्याय दिसत नव्हता. बाबांनाही नाही. मग माझी भाची तीन वर्षांची झाली आणि तिनं पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसून नाटक पाहिलं.

त्या संध्याकाळपासून ती आजोबांकडे जाईना. दादाची ही मुलगी, बाबांची एकुलती नात. त्याआधी ऑटोच्या हँडलपाशी बसून गल्लीभर फिरणारी. आता बाबा घरात शिरले की ती वहिनीच्या मागे. बाबांनी चॉकलेट आणलं, फुगा आणला, एकदा तर चक्क कोंबडीची पिल्लं आणली. ती पिल्लं घेऊन वहिनीच्या मागे गेली.

"आबा, शेपूट कुठाय?" ती लांबूनच विचारायची.

"न्हाई गं माय. त्ये नाटकातलं व्हतं. हे बघ." बाबा शर्ट वर करून पाठ दाखवायचे.

ती वहिनीच्या कमरेआडून नीट बघायची. मग ठाम सांगायची, "आत हाय."

एका रात्री जेवताना ते भाकरीकडे बघत म्हणाले, "या सालाला मी देव झालो तर? तिला दिसन तरी."

"देव दिसत न्हाई," आई म्हणाली. "पडद्यामागं असतो."

"मंग ऐकू तर येईन."

बस्स. मला मथळा मिळाला. "साप मूळचा चांगला होता!" उद्गारचिन्हासकट. मी एका पानाचं पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर दारात उभी राहून वाटल्या. त्यात मी पुराव्यानिशी मांडलं होतं, की देवानं वाईट असं काहीच निर्माण केलेलं नाही. सैतानसुद्धा आधी चांगला देवदूत होता. तो कोणी बिघडवला नाही, आपल्या मर्जीनं बिघडला. म्हणजेच कोणीही जन्मतः साप नसतो. सबब, वर्षानुवर्षं एकाच माणसाला साप आणि एकाच माणसाला देव ठेवणं हे धर्मशिक्षणाच्या विरुद्ध असून पदांची फेरपालट तातडीनं झालीच पाहिजे.

दुपारी फादरांनी बोलावलं. फादर दुसऱ्या जिल्ह्यातले, बारीक अंगाचे, पुस्तकी मराठी बोलणारे. टेबलावर चहाचे दोन कप, माझं पत्रक आणि लाल पेन.

"'देवानं वाईट काही निर्माण केलेलं नाही.' बरोबर," ते म्हणाले आणि खूण केली. "'सैतान आपल्या मर्जीनं बिघडला.' बरोबर. 'म्हणून त्यालाही पुन्हा संधी मिळालीच पाहिजे.'" पेन थांबलं. "हे चूक."

"चूक कसं? संधी सगळ्यांना मिळाली पाहिजे."

"माणसांना मिळते. देवदूताचं वेगळं असतं. तो ठरवतो ते कायमचं ठरवतो. मागे फिरावं असं त्याला वाटतच नाही."

"म्हणजे बाबा कायम सापच?"

"तुझे बाबा देवदूत आहेत का?"

"नाही. ऑटो चालवतात."

"मग पत्रकात सापाची बाजू कशाला घेतलीस? बाबांची घ्यायची."

पण गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून मी विषय मोठा केला. म्हटलं, फादर, मला हे मूळ पाप, आदामाचं पाप प्रत्येक जण घेऊनच जन्मतो म्हणतात ते, मुळात मान्यच नाही. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, कारण काय, तर जन्म. जन्मानं डाग लागतो हे आम्ही पुष्कळ ऐकलंय. आता चर्चमध्येही तेच ऐकायचं? पाळण्यातल्या पोरानं काय केलं?

फादरांनी चहाचा कप खाली ठेवला. "पोरानं काहीच केलं नाही. मूळ पाप आदामानं जसं स्वतः केलं, तसं आपण केलेलं नाही. ते आपल्याकडे आलेलं आहे. आपण जन्मतो तेव्हा काहीतरी हरवलेलंच असतं. देवाशी जे सरळ नातं असायला हवं होतं, ते. स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात, ते परत मिळतं. तरी वाकडं जायची ओढ मागे उरतेच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. मारियामातेला देवानं जपलं, ते सोडून."

"पाटलाच्या पोराला?"

"पाटलाच्या पोरालाही."

"तेवढंच? की थोडं कमी?"

"गुंजभरही कमी नाही. कलेक्टरला आहे. आमदाराला आहे. बिशपलाही घेऊन जन्मावं लागलं. मलाही."

मी विचार केला. जिच्यात पाटील, कलेक्टर, बिशप आणि आमची गल्ली एकाच ओळीत उभी आहे अशी दुसरी कुठलीही शिकवण मला पत्रकांत सापडली नव्हती. समतेच्या सभांमध्येसुद्धा स्टेजवर खुर्च्या वेगळ्या असतात.

"मग ठीक आहे," मी म्हटलं. "मूळ पापाला माझा पाठिंबा आहे."

"आभारी आहे," फादर म्हणाले. "आता देव कोण होणार ते कंडक्टरसाहेबांना तूच विचार."

कंडक्टरकाकांचं घर जुन्या जालन्यात, कापडदुकानांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी तिकीट तपासावं तसं ते दोन्ही बाजूंनी तपासलं.

"म्हंजे तुझं म्हननं काय, मी देवपन सोडू?"

"फेरपालट, काका. तुमचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आता लोकांना तुम्ही दिसलेच पाहिजेत. देव कधी दिसत नाही. साप स्टेजच्या मधोमध असतो."

काकांचा चेहरा बदलला. इतकी वर्षं ते पडद्यामागे खुर्चीवर बसले होते आणि टाळ्या मात्र बाबांना, हे त्यांना टोचत होतंच.

"सापाला माइक हाय का?"

"कॉलरचा माइक."

"मंग बराबर हाय. पन एक सांगतो. ऑटोवाल्यासारखं गोड बोलनं मला जमनार न्हाई. माझा साप कायद्यानं बोलन."

सापाचं शेपूट बाबांच्या मापाचं होतं. काका रुंदीला दुप्पट. म्हणून ते उसवून मोठं करायला शेजारच्या चाचीकडे दिलं. ते मूळ शिवलंही तिनंच होतं, जुन्या हिरव्या पडद्याचं, आत गोधडीचा कापूस भरून. मशीन चालवता चालवता तिनं मला विचारलं, "ये आदम-हव्वा का झगडा तुम्हारे याँ अब्बी तक चालू है?"

"अजून चालू आहे, चाची. मूळ पाप सगळ्यांकडे येतं."

"हमारे याँ तो अल्लाह ने उसी वक्त माफ कर दिया. बात खतम." तिनं दातानं दोरा तोडला. "तुम लोगाँ काय को इत्ता लंबा खींचे?" आणि शेपूट माझ्या अंगावर टाकलं. ते खरोखरच फार लांब झालं होतं.

आदाम आमचा दादा आणि हव्वा आमची वहिनी. नवराबायको असले की तालमीला वेगळं बोलवावं लागत नाही, हा त्यात सोयीचा भाग. अडचण एकच. देवाला सगळे 'तू' म्हणतात आणि बाबांना दादानं जन्मात 'तू' म्हटलेलं नाही. तालमीत 'तू दिलेल्या बाईनं मला फळ दिलं' हे वाक्य आलं की दादाची मान खाली जायची आणि तो पुटपुटायचा, "तुम्ही... तू... दिलेल्या..."

"म्हन रे बिलकुल," पडद्यामागून बाबा. "मी आता तुझा बाप न्हाई."

नाटक मी नव्यानं लिहिलं होतं. सगळा दोष हव्वेवर ढकलायची पद्धत मी काढून टाकली. मूळ शिकवणीतही दोघं सारखेच दोषी आहेत, विचारून घ्या. आणि फळ बदललं. पवित्र शास्त्रात सफरचंद असं कुठेही लिहिलेलं नाही, नुसतं फळ लिहिलेलं आहे. मी तालमीत उभी राहून विचारलं, की जिल्हाभर मोसंबीच्या बागा असताना आपण पापासाठी काश्मीरवर का अवलंबून राहायचं?

"आता पाप बी गावरान?" कंडक्टरकाका म्हणाले. पण कोणाला तोड सुचली नाही आणि ठराव पास झाला. मी आजही मोसंबीच्या बाजूनं आहे. एवढंच, की तालमीत आम्ही मोसंबीच्या जागी बटाटा वापरला. वहिनी बटाटा तोंडाशी न्यायची, दादाला द्यायची, दादा तोंडाशी न्यायचा, झालं. मोसंबी प्रत्यक्ष खायची कशी, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आम्ही सगळे जन्मापासून मोसंबी खात आलोय. पण नेहमी पाटावर बसून, सुरीनं कापून किंवा गाड्यावरचा रस करून. स्टेजवर उभं राहून, हजार डोळ्यांसमोर, सुरीशिवाय मोसंबी खाल्लेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

नाटकाच्या संध्याकाळी थंडी चांगली होती. पुढच्या रांगेत फादर, त्यांच्या शेजारी आई, आईच्या मांडीवर कानटोपी घातलेली भाची. बाबा पांढरी चादर पांघरून पडद्यामागे बसले होते. खरं तर देवाला चादरीची गरज नव्हती. पण बाबांनी ती धुऊन, इस्त्री करून घेतली होती. हातात माइक. पडद्याला जिथे चीर होती तिथे त्यांनी खुर्ची सरकवून घेतली, नात दिसावी म्हणून. मी विंगेत संहिता धरून.

सुरुवात फार सुंदर झाली. बाबांनी मऊ आवाजात सृष्टी निर्माण केली. "उजेड होवो," असं ते असं काही म्हणाले, की जणू उजेडाला ते ऑटोत बसवत होते. लाइटवाल्यानं बटण दाबलं. भाची कान टवकारून बसली. 'चांगलं आहे' हे देवाचं वाक्य बाबा दर वेळी मनापासून म्हणत होते. पाणी चांगलं, झाडं चांगली, जनावरं चांगली. बकरी आली तेव्हा तर, "लई चांगलं," असं त्यांनी पदरचं घातलं.

मग साप आला. कंडक्टरकाका शेपटासकट मधोमध येऊन उभे राहिले, एक पाय पुढे, जसे चालत्या गाडीत तोल सांभाळायला राहात तसे. संहितेप्रमाणे त्यांनी हव्वेभोवती घुटमळायचं होतं, फळाची स्तुती करायची होती, तिनं तीनदा नको म्हणायचं होतं.

"फळ घ्या," काका म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाली.

"घ्यायचं असंल तर घ्या, न्हाई तर खाली उतरा!"

वहिनीनं चटकन मोसंबी घेतली. ती भोकरदनची आहे, लहानपणापासून काकांच्या गाडीनं आलेली. नंतर म्हणाली, माझा हात आपोआप पुढे गेला. मानवजातीचा मोह अर्ध्या मिनिटात उरकला आणि साप आता काय करावं म्हणून पॅसेंजर मोजत उभा राहिला.

वहिनीनं मोसंबी तोंडाशी नेली. मी विंगेतून खुणावलं, चावा घे. तिनं घेतला. मोसंबीची साल किती कडू असते हे तिच्या तोंडावर मागच्या रांगेपर्यंत दिसलं. ती नखानं सोलायला लागली. वहिनी दवाखान्यात नर्स आहे, नखं कातरलेली. मोसंबी हिरवी, टणक, साल तिच्या अंगाला घट्ट चिकटलेली.

"दे इकडं, मी सोलतो," आदाम हळूच म्हणाला. पण दोघांच्या मध्ये माइक टांगलेला होता.

"राहू द्या. घरी कधी सोलली?"

"आता घरचं काढती का इथं?"

"मंग कुठं काढू? घरी तुम्ही ऐकता का?"

मैदान हसायला लागलं. वहिनीचे कान लाल झाले. तिनं पुन्हा नख घातलं, नख घसरलं, मोसंबी पडता पडता काकांनी झेलली आणि, "सांभाळून," म्हणून परत दिली. मी संहिता चाळतेय, पण संहितेत सोलण्याबद्दल अक्षर नाही. वहिनी आता रडते की काय असं वाटलं, आणि तेवढ्यात स्वर्गातून आवाज आला. मऊ, समजूतदार, चारी भोंग्यांतून.

"पोरी, दातानं वरची चकती काढ. मंग अंगठा घाल आत. जल्दी न्हाई, आरामात. निघती बराबर."

सगळ्या मैदानाच्या माना भोंग्यांकडे वळल्या.

"बरं, मामा," वहिनी म्हणाली. ती बाबांना मामा म्हणते.

आणि पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज. "आबा! आबा हायेत!" भाची आईच्या मांडीवर उभी राहिली होती.

वहिनीनं दातानं चकती काढली, अंगठा घातला, साल निघाली. तिनं फोडी केल्या. एक स्वतः खाल्ली, एक आदामाला दिली, आणि घरचं वळण म्हणून एक सापालाही. सापानं ती घेतली. मी फादरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि दोन बोटांनी नाक दाबून धरलं होतं. ख्रिस्तसभा दोन हजार वर्षं जिवाच्या आकांतानं सांगत आली, की देव पापाचा कर्ता नाही. आणि आमच्या मैदानात देवानं मूळ पाप कसं सोलायचं ते भोंग्यावरून समजावून सांगितलं होतं.

पुढचं वाक्य देवाचंच होतं. बाबा प्रामाणिक माणूस, कागदावर लिहिलंय ते म्हणायला हवं. त्यांनी ते म्हटलं, पण उतरत जाणाऱ्या आवाजात. "आदामा... ते फळ खायला... तुला कोणी सांगितलं?"

दादा वर बघत राहिला. 'तू' त्याला याही वेळी म्हणवेना. मग तो एका दमात म्हणाला, "तुम्हीच पाहून दिलेल्या बाईनं दिलं!"

मैदान फुटलं. कारण हे स्थळ बाबांनीच आणलं होतं, भोकरदनला स्वतः ऑटो घेऊन जाऊन, हे गल्लीला माहीत होतं.

"बाई, तू हे काय केलंस?" बाबा, अजूनच बारीक आवाजात.

वहिनीनं सापाकडे बोट केलं. सापाला संहितेत पुढे वाक्यच नव्हतं. सापाला कोणी विचारत नाही. पण काका निवृत्त सरकारी नोकर. चौकशी आपल्यापर्यंत आली हे त्यांनी ओळखलं.

"मी फक्त घ्या म्हनलो," ते कॉलरच्या माइकमध्ये म्हणाले. "सोलायचं मी सांगितलं न्हाई. त्ये वरून आलं."

आता सगळं मैदान पडद्याकडे बघायला लागलं. लोक हसत होते, पण बाबांना ते हसणं कसं लागत असेल ते मला विंगेतून दिसत होतं. कपाळाला घाम, इस्त्रीच्या चादरीचं टोक मुठीत चुरगळलेलं. एका संध्याकाळपुरतं देव व्हायचं होतं त्यांना, एका पोरीसाठी. मी खुणेनं विचारलं, पुढचा पडदा टाकू का? त्यांनी मान हलवली. उठले आणि पडदा बाजूला सारून बाहेर आले. चादर, हातात माइक, पायात ऑटोतल्या चपला.

"वरून न्हाई आलं," ते म्हणाले. "मी बोललो. देव असं बोलत न्हाई, मला म्हाईत हाय. मी इतकी सालं साप करून राह्यलो, तोंडाला सवय लागली. सूनबाई अडली, तर आपोआपच निघालं." मग फादरांकडे वळले. "फादर, आता कसं? देव राहू का उतरू?"

फादर उभे राहिले. चष्मा लावला. "आधी या दोघांना बागेतून बाहेर काढा," ते म्हणाले. "मग बघू."

बाबांनी खाकरून आवाज नीट केला. मी लिहिलेलं मोठं शापवचन होतं, बारा ओळींचं. ते त्यांना आता आठवेना. "जावा आता," ते म्हणाले. "कष्ट करून खावा." वहिनी वळली तेव्हा तिचे दंड थंडीनं शहारलेले दिसले, कारण हव्वेला मी बिनबाह्यांचा पोशाख दिला होता. बाबांनी अंगावरची चादर काढली आणि तिच्या खांद्यावर टाकली. "घे. गार हाय भाईर."

"हे मात्र शास्त्राप्रमाणे आहे!" फादर जवळजवळ ओरडलेच. "देवानं बाहेर काढताना त्यांना वस्त्रं दिली. उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. हे बरोबर आहे!" बिचारे, संध्याकाळभरात पहिल्यांदा त्यांना मनातलं लाल पेन खाली ठेवता आलं होतं.

मग त्यांनी दोन शब्द बोलायचे म्हणून माइक घेतला. सांगितलं, की घरी जाताना कृपया लक्षात ठेवा, देवानं कोणालाही फळ खायला सांगितलं नाही. तो माणसाला मोकळा ठेवतो, आणि वाकडं आपण जातो. "मोसंबी सोलायची पद्धत बरोबर होती," ते म्हणाले, "पण ती बांधवाची होती, परमेश्वराची नव्हती." आणि जेवायला चला म्हणाले.

पुलावाच्या रांगेत कंडक्टरकाका शेपूट काखेत घेऊन उभे होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना, 'न्हाई तर खाली उतरा' म्हणायला लावत होता आणि ते म्हणत होते. मी जवळ गेले तर त्यांनी मलाच आधी सांगितलं, "पुढच्या सालची फेरपालट-बिरपालट काही न्हाई हां. साप माझा. पत्रक काढलंस तर मी बी काढीन." म्हणजे साप गेला, आणि देवपद फादर पुन्हा बाबांना देतील असं काही वाटत नव्हतं. झाडाची भूमिका तेवढी शिल्लक राहिली. पण झाड तर खरंखुरं होतं.

बाबा मांडवाच्या कडेला, उलट्या ठेवलेल्या टोपल्यावर एकटेच बसले होते, नुसत्या बनियनवर. मी त्यांना म्हणणार होते, की चूक मोसंबीची नव्हती, नियोजनाची होती. मी मनात मुद्देही मांडले होते. पण माझ्याआधी भाची तिथे पोचली. कानटोपी तिरकी, दोन्ही हातांत स्टेजवरून आणलेली एक न सोललेली मोसंबी.

ती थोडी लांब थांबली. "आबा, दातानं काढ," ती म्हणाली.

बाबांनी हात पुढे केला. तिनं मोसंबी दिली नाही. आधी टोपल्याला वळसा घालून मागे गेली आणि त्यांची पाठ नीट तपासली. मग पुढे येऊन नेहमीचा प्रश्न. "शेपूट कुठाय?"

बाबांनी या वेळी बनियन वर केलं नाही. दमले होते. "हाय," ते म्हणाले. "आत."

भाचीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचंच म्हणणं शेवटी खरं निघालं होतं. मला वाटलं आता ती वहिनीकडे पळणार. पण ती वळली, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि स्वेटर वर ओढायला लागली.

"माझं बघ."

बाबांनी वाकून बराच वेळ पाहिलं. "हाय की," ते म्हणाले. "बारकुसं हाय."

तिला ते फार आवडलं. ती त्यांच्या मांडीवर चढून बसली, आणि बाबांनी दातानं मोसंबीची चकती काढली.